मनीऑर्डर कुठल्या रकान्यात लिहायची?



सोयाबीन मळून घरात आलं. शाळूच्या रानाला वाफसा यायला अजून चार-पाच दिवस लागतील. तोवर दिवाळीसाठी मुंबईकर मंडळी गावात यायला लागलीत. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, सातबाऱ्याची आहे. जरा लांब आहे आणि काहींना झोंबेल. झोंबली तर समोर येऊन बोला, घर सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडं सध्या वंशावळ काढायची लाट आलीय. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि गावोगाव जुनी दप्तरं उघडली. कोतवाल बुकं निघाली, शाळेची जनरल रजिस्टरं निघाली, मोडी वाचणाऱ्या माणसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्याला दाखल्यासाठी कागद हवा त्यानं तो जरूर शोधावा. पण दाखला हातात पडला की शोध थांबतो. दुसरीकडं काही हौशी लोक फ्लेक्सवर वंशवेल छापतात. वर एखादा सरदार, बाजूला दोन तलवारी. मधल्या शंभर-दीडशे वर्षांत घरात कोण राबलं, कुणाच्या पैशावर चूल पेटली, यातलं एक अक्षर त्या वेलावर नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. घाटावरच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्याचा पूर्वज नुसता गावात शोधला तर अर्धाच सापडतो. राहिलेला अर्धा लालबाग, परळ, दादर, गिरगावात आहे. तो अर्धा सोडून आपण हिस्से वाटतो, बांधावर भांडतो, 'यानं कधी नांगर धरलाय का' म्हणून विचारतो. हे सगळं अर्ध्या कागदावर चाललंय.

गेल्या वर्षी माझा चुलतभाऊ लालबागहून आला. त्याचे वडील, म्हणजे माझे चुलते, गिरणीत होते. गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जासाठी त्याला वारसाचे आणि नात्याचे गावचे कागद हवे होते. तो एसटीतून उतरायच्या आत पारावर निकाल लागला. "आला बघ हिस्सा मागायला. हितं चिखल तुडवायला आमी, आणि वाटणीला हे." बोलणारे माझ्या बाजूनं बोलत होते, कारण रान मी कसतो. मला ते गोड लागायला हवं होतं. पण आमच्या रानातल्या विहिरीला घरात आजही 'मुंबईची विहीर' म्हणतात. आमच्या पाटण तालुक्यातल्या डोंगरकडेच्या विहिरीला मुंबईचं नाव का, हे आमच्यात कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारायला सुरुवात केली.

पहिली वही हेळव्याची. आमच्याकडं सुगी संपली की हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. घराण्याची वही उघडून पिढ्या म्हणून दाखवतात, धान्य-पैसा घेऊन नवी नावं चढवतात. मी पायलीभर शाळू जास्त घातला आणि आजोबांच्या धाकट्या भावाचं पान काढायला लावलं. नाव होतं. पुढं 'मुंबईस' एवढा एकच शब्द. बायकापोरांची नावं नाहीत, साल नाही. हेळव्याला काय बोलायचं? जे घर दारात उभं दिसतं तेच तो लिहिणार. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा बैल कसा चढणार?

दुसरा कागद सातबारा. जुने, हातानं लिहिलेले उतारे काढले. कब्जेदाराच्या सदरी एकट्या थोरल्या आजोबांचं नाव, आणि त्यापुढं बारीक अक्षरांत ए.कु.मॅ. तुमच्याही जुन्या उताऱ्यावर हा शेरा असेल, नीट बघा. याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे हा माणूस एकटा मालक नव्हे, सगळ्या भावांच्या वतीनं त्याचं नाव लागलंय. घरचा जो भाऊ गावात राहिला, तलाठ्याच्या समोर उभा राहिला, त्याचं नाव लागलं. मुंबईचा भाऊ त्या तीन अक्षरांत राहिला. पुढं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, उतारे नव्यानं लिहिले गेले, शेवटी संगणकावर आले. या फिरवाफिरवीत आमची ती तीन अक्षरं कधी गळाली ते कळलंसुद्धा नाही. आजोबा गेल्यावर सहा-क च्या वारस रजिस्टरला त्यांचे वारस लागले. धाकट्यांचे लागले नाहीत, कारण नाव उताऱ्यावर असेल तरच वारस लागतात.

तिसरा कागद फेरफार. आमचं वरचं रान मूळचं आमचं नव्हे, आम्ही त्यात कूळ होतो. १९४८ च्या कूळकायद्यानं आणि पुढच्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण फुकट नाही. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण किंमत ठरवायचं, ती हप्त्यानं भरायची, मग ३२-म चं प्रमाणपत्र. ज्याला हप्ते झेपले नाहीत त्याची खरेदी बिनउपयोगाची ठरायचा धोका असायचा. कसेल त्याची जमीन ही घोषणा आपण सगळे अभिमानानं सांगतो. कसणाऱ्यानं किंमत कुठून भरली, हे कुणी सांगत नाही. डोंगराकडेच्या जिरायत रानातून, नाचणी-वरीच्या पिकातून ते हप्ते निघत नव्हते. ज्यानं असलं रान कसलंय त्याला मी हे समजावून सांगायची गरज नाही.

ते पैसे कुठून आले हे आजीच्या पेटीत सापडलं. मनीऑर्डरची कुपनं, एका तारेला टोचलेली. जुन्या लोकांना आठवत असेल, मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पोस्टमन फाडून पैसे घेणाऱ्याला द्यायचा. त्यावर रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव, पोस्टाचा शिक्का आणि दोन ओळी लिहायला जागा. धाकट्या आजोबांना सहीपुरतंच येत होतं. ते चाळीतल्या कुणाकडून तरी लिहून घ्यायचे, म्हणून दर कुपनावर अक्षर वेगळं. नऊ कुपनांवर रानाच्या हप्त्याचा उल्लेख आहे. सहा कुपनांवर विहिरीच्या सुरुंगाचा आणि गवंड्याचा. दोन बैलासाठी. एक माझ्या वडिलांच्या शाळेच्या फीसाठी. मी हप्ते भरल्याच्या पावत्या आणि ही कुपनं शेजारी शेजारी मांडली. नऊपैकी सात वेळा मनीऑर्डर आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हप्ता भरलेला आहे. विहिरीला मुंबईचं नाव का, याचं उत्तर मला मिळालं.

आता मुद्द्याचं बोलतो. सोसायटीचं दोन हजारांचं पीककर्ज काढलं तरी त्याचा बोजा इतर हक्कात चढतो. विहीर पडली की तिची नोंद होते. बांधावरच्या झाडांचीही होते. पंचवीस वर्षं दर महिन्याला आलेली मनीऑर्डर मात्र सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात चढत नाही. ज्यानं कर्ज दिलं त्याचं नाव कागदावर, ज्यानं पगार दिला त्याचं नाही. आणि मग पन्नास वर्षांनी आपण तोच कागद पुढं करून म्हणतो, "दाखव तुझं नाव कुठं हाय."

हे पान वाचणारे कृषी विद्यापीठातले आणि खात्यातले साहेब लोक आहेत, त्यांनाही एक विचारतो. शेतीचा उत्पादन खर्च काढताना तुम्ही ए-२ धरता, घरच्या माणसांची मजुरी धरता, सी-२ मध्ये स्वतःच्या भांडवलावरचं व्याजसुद्धा धरता. पण ते भांडवल आलं कुठून? विहीर, ताल, बैलजोडी, पहिलं इंजिन, हे शेतीच्या नफ्यातून उभं राहिलं असं धरून चालता का? माझ्या माहितीतल्या दहा घरांत तरी ते गिरणीच्या, गोदीच्या नाहीतर माथाडीच्या पगारातून उभं राहिलं. डोंगरी शेती कधीच स्वतःच्या पायावर उभी नव्हती, तिचा एक पाय परळमध्ये होता. तो पाय १९८२ ला तुटला. त्यानंतर आमच्याकडं किती रानं पडीक गेली, किती ताली फुटल्या आणि परत बांधल्या गेल्या नाहीत, हे मोजायला हवं. पावसाचा आणि मातीचा अभ्यास करता, तसा मनीऑर्डरचाही करा.

मुंबईला मी दोनदा जाऊन आलो. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी काढायला घेतली, ती १८५६ ला चालू झाली. त्यानंतर भायखळ्यापासून परळ-दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या आणि त्यांना माणूस पुरवला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांनी. हे लोक एकेकटे जाऊन कुठं पडले नाहीत. गावाची म्हणून एक खोली असायची, गावकीची खोली. आमच्या गावाची लालबागला होती. दहा बाय बाराची. पाळीनुसार पस्तीस माणसं त्यात झोपायची. एक पाळी कामावर गेली की दुसरीनं तिच्या वळकट्या पसरायच्या. प्रत्येकाची एक लोखंडी पेटी, खुंटीला एक सदरा.

त्या खोलीला मंडळ होतं आणि मंडळाची वही होती. ही वही मला सातबाऱ्याएवढीच मोलाची वाटते. त्यात धाकट्या आजोबांचं नाव पहिल्यांदा १९३९ साली येतं. आल्या आल्या गाडीभाड्याची उधारी लिहिलीय. मग दर महिन्याचा खोलीभाड्याचा वाटा. मग वर्गण्या. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, ओढ्यावरचा साकव, तालमीचं छप्पर, सगळ्याला वर्गणी. आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर आणि शाळेच्या भिंतीवर 'मुंबईकर मंडळी' असं कोरलेलं असतं. त्या दोन शब्दांत कोण कोण होतं, किती रुपये कुणाचे, हे या वहीत आहे. मी आजवर त्या पायरीवर फक्त चपला काढल्या होत्या.

ती वही आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या मामांकडं होती. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या चाळीचा पुनर्विकास ठरलाय, ते जागा सोडून भाड्याच्या घरात निघाले होते. दोन जुन्या वह्या त्याआधीच्या आवराआवरीत रद्दीत गेल्या होत्या. ही तिसरी वाचली. मी पानापानाचा फोटो काढला. सगळ्या गिरणगावात आज हेच चाललंय. बीडीडी चाळी, शंभर वर्षांच्या, एकेक करून पाडून टॉवर उभे राहतायत. लोकांना चांगलं घर मिळतंय, ते मिळायलाच हवं. पण प्रत्येक खोली रिकामी होताना पेटीतले कागद आधी फेकले जातात. टीव्ही घेऊन जातात, बाडबिस्तरा घेऊन जातात, वही तेवढी टाकून देतात.

धाकटे आजोबा १९७८ साली केईएममध्ये वारले. गावात त्यांच्या मृत्यूची नोंद नाही, आणि असणारही नाही. माणूस जिथं मरतो तिथं नोंद होते. केईएम परळला, म्हणजे महानगरपालिकेच्या एफ-दक्षिण विभागात. तिथल्या उताऱ्यावर त्यांचं पूर्ण नाव, वय आणि चाळीचा पत्ता मिळाला. आपल्याकडं पूर्ण नावात बापाचं नाव असतंच. त्यामुळं हा एकच सरकारी कागद असा निघाला की ज्यावर आमच्या पणजोबांचं नाव आणि लालबागची चाळ एका ओळीत आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी मुंबईच्या दवाखान्यात गेलं, त्यांनी ग्रामपंचायतीत डोकं फोडू नये. दवाखाना कुठल्या विभागात ते बघावं आणि तिथं अर्ज करावा.

आता बायकांचं. आजोबांची एक बहीण होती. लहानपणी विधवा झाली, सासरनं ठेवली नाही, माहेरी भाकरीचा भार. ती भावामागं लालबागला गेली आणि खोलीतल्या माणसांना जेवण घालायला लागली. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. आपल्या दहा बाय दहात चूल आणि पंधरा-वीस माणसांचे डबे, दोन वेळा, तिन्ही पाळ्यांच्या वेळा सांभाळून. अशा हजारो बायकांनी गिरणगाव जगवलं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं त्यांची कुणी दखल घेतली.

आमची ही आत्याआजी हेळव्याच्या वहीत नाही, कारण तो मुली लिहीत नाही. सातबाऱ्यावर नाही. गिरणीच्या हजेरीपटावर नाही. ती सापडली खोलीच्या वहीत, आणि कशी? प्रत्येक माणसाच्या हिशेबात 'खानावळ बाकी' म्हणून. म्हणजे अख्ख्या गावाकडून तिचं येणं होतं. विहिरीच्या सहा कुपनांतली दोन तिच्या नावानं आहेत. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशात २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क आला. आपल्याकडं अजून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना साडी-चोळी देऊन 'माहेर तुटू देऊ नको' म्हणतात. आमच्या विहिरीत एका बहिणीचा पैसा आहे, हे मला आता कागदावरून माहीत झालंय. तुमच्या विहिरीत कुणाचा आहे ते तुम्ही बघा.

आणखी एक गोष्ट, ती पारावर कुणी काढत नाही. ज्यांच्याकडं सातबाराच नव्हता त्यांनी पूर्वज कुठं शोधायचे? आमच्या गावच्या दलित वस्तीतली माणसंही त्याच वाटेनं, कराडपर्यंत चालत आणि पुढं गाडीनं मुंबईला गेली. गावकीच्या खोलीच्या वहीत त्यांचं एकाचंही नाव नाही. त्यांना त्या खोलीत जागाच नव्हती. गिरणीतसुद्धा कापड विणायच्या खात्यात त्यांना घेत नसत, कारण तिथं कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्यात ओवावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. ते स्वतः कित्येक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर आपण कुणाला खोलीबाहेर ठेवलं हेही त्यात यायला हवं. नाहीतर तो फ्लेक्सच झाला.

रक्ताचाच वेल शोधणाऱ्यांनी नारायण सुर्व्यांकडं बघावं. ते रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं आणि त्याच्या बायकोनं, काशीबाईनं, त्यांना उचलून घरी आणलं, आडनाव दिलं, शाळेत घातलं. गंगाराम कोकणातले, गिरणी सुटल्यावर ते गावाकडं गेले. पोरगं मुंबईत राहून मोठा कवी झालं. या घराण्याचा वेल कुठल्या दप्तरात शोधणार? आणि तो वेल खोटा आहे असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता पारावरच्या मंडळींचं म्हणणंही खरं तेवढं मान्य करतो. रान कसणं सोपं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात थोरल्या घरानं खडी फोडली, जनावरं जगवली, म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढलं. मनीऑर्डर पाठवणाऱ्याला हे करावं लागलं नाही. आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा उलटी मनीऑर्डर गावानं केली. आमच्या घरातून ज्वारी, तांदूळ, शेंगा पोत्यानं लालबागला गेल्या. चुलते बायकापोरांसह दीड वर्ष आमच्याकडं राहिले, भांगलायला रोजानं गेले. तो संप कुणी रीतसर मागं घेतलाच नाही, आणि चुलते गिरणीत परत कधी उभे राहिले नाहीत. उरलेलं आयुष्य त्यांनी एका इमारतीच्या दारात वॉचमन म्हणून काढलं. ती पोतीसुद्धा कुठं लिहिलेली नाहीत. म्हणून मी म्हणतो, दोन्ही बाजूंचं लिहा. मुंबईवाल्यांनीही लिहावं. त्यांची पोरं गावाला फक्त गणपती-शिमग्याला यायची जागा समजतात आणि दलालाला घेऊन प्लॉट दाखवायला आणतात, त्यांनाही कळू दे की बापाला कुठल्या रानातल्या ज्वारीनं जगवलं.

कुणी म्हणेल, इतिहास काढलास म्हणजे हिस्सा द्यावा लागणार. लागेल तर लागेल. आमचं रान साडेतीन एकर. त्याचे दोन भाग झाले तर माझा ट्रॅक्टर वळायलाही जागा पुरणार नाही, हे मला कळतं. म्हणून मी चुलतभावाला सांगितलं की वाटणी कशी करायची, कसायला कोण, मोबदला काय, हे आपण बसून ठरवू. पण तुझं इथं काही नाही असं मी म्हणणार नाही आणि कुणाला म्हणूही देणार नाही. हिस्सा हा वाटाघाटीचा विषय आहे. कुणी काय केलं हा वाटाघाटीचा विषय नाही.

मुंबईत याच अर्ध्या कागदाची दुसरी बाजू दिसते. घरासाठी कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागतो. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिसचा दाखला, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयसीचा नंबर, रजेचं रजिस्टर, असं काहीतरी. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. गिरण्या पाडून मॉल झाले, फिनिक्स गिरणीत आता लोक सिनेमा बघतात, आणि पुरावा मागतात तो ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडं किंवा त्याच्या विधवेकडं. त्यातले कितीतरी कागद मुंबईत नाहीतच, संपानंतर गावी परतताना ते लोखंडी पेटीतून गावाला आले. आपल्या माळ्यावर पडलेत. आणि जे पात्र ठरतील त्यांना शेलू-वांगणीची घरं दाखवायची, हे कुठलं शहाणपण? परळला आयुष्य घालवलं त्यानं परळ मागितलं तर जास्त झालं का? २०२५ च्या जुलैत ही म्हातारी माणसं भर पावसाळ्यात आझाद मैदानात याचसाठी बसली होती. त्यात आपल्या तालुक्यातलीही होती. शेतकऱ्याच्या मोर्च्याला आपण ट्रॅक्टर काढतो, या मोर्च्याला गावातून कितीजण गेले? ती शेतकऱ्यांचीच माणसं आहेत.

एवढं बोललो, आता कामाचं सांगतो. या दिवाळीत करा.

माळ्यावरची पेटी खाली काढा. कुपनं, पासबुकं, कार्डं, पावत्या, काही फेकू नका. वाचता येत नसेल तरी ठेवा. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

घराचे जुने सातबारे आणि सगळे फेरफार सुरुवातीपासून काढा. काही जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. ए.कु.मॅ. हा शेरा कुठल्या साली होता आणि कुठल्या फेरफारानं गेला ते लिहून ठेवा.

मुंबईची जी थोरली माणसं या आठवड्यात येतायत त्यांच्याजवळ बसा. फराळाचं ताट द्या आणि फोनवर रेकॉर्डिंग लावा. कुठली गिरणी, कुठलं खातं, कुणी चिकटवलं, कुठली खोली, जेवण कुणाकडं, मनीऑर्डर किती आणि कशाला. २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभरावर माणसांच्या तोंडची हकीकत पुस्तकात आणली. आपल्या गावाच्या दहा माणसांची आपण आणू शकतो.

गावकीच्या खोलीची वही कुणाकडं आहे ते शोधा. चाळ खाली होतेय का ते विचारा. मूळ वही घ्यायची नाही, फोटो घ्यायचे. ठेवायला कुणी नसेल तर गावच्या वाचनालयात किंवा शाळेत नोंद करून ठेवा.

मुंबईला दवाखान्याच्या कामाला जाणारच असाल, आणि आपल्यापैकी निम्मे केईएमला नाहीतर टाटाला जातातच, तर रांगेतल्या माणसाला सोडून बाकीच्यांनी एक दिवस विभाग कार्यालयात घालवा. उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मृत्यूचा उतारा काढून आणा.

आणि गावच्या ग्रामसभेत मी एक विषय देणार आहे. देवळाच्या पायरीवर जिथं 'मुंबईकर मंडळी' लिहिलंय, तिथं वहीतली सगळी नावं लावायची. एकशे बारा आहेत. त्यात ज्या बायकांनी वर्गणी दिली त्याही. खर्च मी आणि चुलतभाऊ अर्धा अर्धा करतोय. विरोध करायचा त्यांनी यावं, पण येताना घरातली पेटी उघडून बघून यावं.

पुढची नोंद शाळूच्या पेरणीची. बी काढून ठेवा, गंधकाची चोळणी करायची आहे, काणीला तेवढंच स्वस्त औषध.